नजरचुकीने

७ एप्रिल, सोमवार

दुसऱ्या बॅचलाही फिल्टर चोक. डोळ्याच्या थेंबांचं सोल्युशन पुढं सरकतच नाही, सकाळपासून प्रॉडक्शनवाल्यांची आरडाओरड. तीन फिल्टर बदलले. दुपारी कुदळे सर, आमच्या लॅबचे प्रमुख, माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"विद्या, एचपीएमसीचा मार्चमधला लॉट तूच पास केलास ना?"

हो म्हटलं.

"रिडिंग नीट होतं?"

हो म्हटलं. थेंबांना घट्टपणा देणाऱ्या त्या भुकटीची वही काढून दाखवली. अक्षर माझंच. पाण्याचं तापमान वीस अंश. घट्टपणा मर्यादेत, वरच्या टोकाला अगदी चिकटून, पण मर्यादेत. खाली तपासणारी म्हणून शीतलची सही. सरांनी बोट फिरवून वाचलं, "मग प्रॉडक्शनचाच घोळ असणार," म्हणाले आणि गेले.

मला बरं वाटायला हवं होतं. डबा तसाच परत आणला.

८ एप्रिल, मंगळवार

स्कूटीवर, मार्गासनीच्या अलीकडं, एकदम आठवलं. कूलर! ज्या पाण्याच्या टाकीत नमुना ठेवून आम्ही घट्टपणा मोजतो, तिचं पाणी थंड ठेवणारं मशीन मार्चमध्ये बिघडलं होतं. पुण्याला दुरुस्तीला गेलं होतं. कधी गेलं, कधी आलं, तेवढं आठवेना. चेलाडीपर्यंत तेच डोक्यात. वळणावर समोरून ट्रॅक्टर आला तोही उशिरा दिसला.

वरव्याला कंपनीत पोचल्या पोचल्या गेटवर गेले. वॉचमनकाकांना म्हटलं, जुनी पावती बघायचीय. गेटपासचं पुस्तक दिलं त्यांनी. कूलर बाहेर गेला ३ मार्चला, परत आला १५ ला.

लॉट मी तपासला ६ ला. त्याच लॉटच्या पहिल्या बॅचचे तयार थेंब १२ ला. तेही मीच, त्याच टाकीत. दोन्हीकडं लिहिलंय वीस अंश.

पहिली बॅच बाजारात जाऊन तीन आठवडे झाले.

त्या दिवशी मी थर्मामीटर पाहिला होता का? आठवत नाही. पाहिला असेन. रोज पाहतेच.

१० एप्रिल, गुरुवार

सुट्टी, पण अर्जंट टेस्ट आहे सांगून गेले. लॅबमध्ये मी एकटी.

लॉटचा राखून ठेवलेला कंट्रोल सॅम्पल कालच काढला होता. ही भुकटी मोठी उलटी. बाकी सगळं गरम पाण्यात विरघळतं, ही गरम पाण्यात नुसती भिजून तरंगते आणि पाणी थंड होताना विरघळायला लागते. काल घरी जायच्या आधी भिजवून, थंड करून ठेवलं होतं. सकाळी बुडबुडे बसले होते, काचेसारखं स्वच्छ. टाकीत ठेवलं. यावेळी थर्मामीटरसमोर स्टूल घेऊन बसले. वीस. पूर्ण अर्धा तास वीस. मग मोजलं.

मर्यादेच्या बाहेर. बरंच.

पुन्हा मोजलं. मशीन पुसून, नमुन्यात फिरणारा स्पिंडल बदलून तिसऱ्यांदा. तेच.

मग जे करायला नको ते केलं. कूलर बंद केला, टाकी खोलीच्या तापमानाला येऊ दिली. सव्वीस अंश. मोजलं. मार्चमधल्या वहीतल्या आकड्याच्या अगदी शेजारी येऊन काटा थांबला.

म्हणजे गरम पाण्यात पातळ दिसलं म्हणून ते पास झालं. मी पास केलं.

सगळं धुऊन जागच्या जागी ठेवलं. हा आकडा कुठंच लिहिला नाही. इथं पण लिहीत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

शीतलला सांगितलं. कँटीनमागं कढीपत्त्याचं झाड आहे तिथं. शीतल वरव्याचीच, माझ्यानंतर दोन वर्षांनी लागली. स्पिंडल कसा धरायचा इथपासून मी शिकवलंय तिला. आता हैदराबादच्या मोठ्या कंपनीत निवड झालीय. ३० तारखेला इथून सुटणार.

सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तपासणारी म्हणून माझी सही आहे तिथं."

"माहितीय."

"मी आलेच नव्हते बघायला. तुम्ही वही पुढं केली, मी सही केली. नेहमीसारखी."

"माहितीय गं."

"मग ३० पर्यंत थांबा ना. मला सुटल्याचं पत्र मिळू दे. मग काय ते बोला."

वीस दिवस. थांबते म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

१३ एप्रिल, रविवार

सकाळी आप्पांच्या डोळ्यात थेंब घालायला गेले. सासऱ्यांच्या डोळ्यांचं पाणी आटलंय, डॉक्टरांनी हे थेंब सांगितलेत, कायमचे. मीच घालते, सकाळ-संध्याकाळ. ते ओट्यावर बसून मान मागं टाकतात आणि बाटली दिसायच्या आधीच डोळे मिटून घेतात.

आज बाटली उलटी करून नंबर वाचला. पहिली बॅच. कंपनीतून मीच आणलेली.

आप्पा तसेच मान वर करून बसलेले. "काय झालं गं?"

म्हटलं, "संपलीय वाटतं. नवीन आणते." विंझरला मेडिकलमध्ये जाऊन दुसऱ्या कंपनीची आणली. आप्पांना आवडली नाही. "ह्ये पान्यावानी हाय. लगीच उतरतंय. आदीचं कसं बसून ऱ्हायचं डोळ्यात."

तेच तर.

दुपारी महेशला सांगितलं. नवरा फरशी बसवायची कामं घेतो. अंगणात पोती मोजत होता, फरशीच्या तयार मसाल्याची. मी पोत्यावरचं बारीक वाचत बसले. आत तीच भुकटी. हलक्या प्रतीची, पण जात तीच. पाणी धरून ठेवते म्हणून मसाला लवकर वाळत नाही. महेश हसायला लागला. "आप्पांच्या डोळ्यात आन् माझ्या फरशीखाली एकच माल?" म्हटलं, हो, लाकडाच्या लगद्यापासून करतात. गोळ्यांच्या वरच्या चकचकीत आवरणातही हीच असते, पातळ जातीची. डोळ्यासाठी घट्ट जातीची घेतात, थेंब टिकावा म्हणून. प्रमाणापेक्षा घट्ट झाली की डोळ्यापुढं सारवल्यासारखं होतं, पाच-दहा मिनिटं नीट दिसत नाही.

"विष तर न्हाई ना?"

"नाही."

"डोळा जातोय का?"

"नाही रे."

"मग पाच मिनिटं धुरकट दिसतंय म्हणून तू नोकरी घालवणार? तुला कुणी इचारलंय का अजून?"

कुणी विचारलेलं नाही. तेच खरं आहे. संध्याकाळी सगळे डबे खाली काढून मांडणी पुसली. मागच्याच आठवड्यात पुसलेली.

१५ एप्रिल, मंगळवार

शीतलला थांबते म्हटलं होतं, पण दुसऱ्या बॅचचं काय? ती अजून प्रॉडक्शनच्या टाकीत पडून आहे. तेवढं तरी थांबवावं म्हणून कुदळे सरांच्या केबिनमध्ये गेले. नुसतं म्हटलं, सर, लॉट परत तपासायला काढू या का, मला शंका वाटते.

सरांनी दार लोटलं. मला वाटलं होतं विचारतील, कसली शंका. विचारलं नाही. म्हणजे त्यांना माहीत आहे. कूलर त्यांच्याच सहीनं बाहेर गेला होता.

"विद्या, परत तपासायचा म्हणजे आधी कारण लिहावं लागतं. कारण लिहिलं की पहिली बॅच आली. पहिली बॅच आली की बाजारातून माल परत. आपली कंपनी केवढी, तुला माहितीय. एकशे दहा माणसं."

"पण सर, लोकांच्या डोळ्यात..."

"थेंब घट्ट आहे. घाण नाही, जंतू नाहीत, सगळ्या टेस्ट पास आहेत. कुणाची एक तक्रार नाही." मग आवाज खाली आणून, "दुसरी बॅच जास्त दाबाचा पंप लावून काढतायत. निघेल."

बाहेर आले तर हातात त्यांच्या टेबलावरचं पेन. परत द्यायला गेले नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

दुसरी बॅच निघाली. पॅकिंगला गेली.

एक बीकर फुटला. एक रिडिंग घेताना तापमान चार वेळा पाहिलं, तरी लिहून झाल्यावर वाटलं की पाहिलंच नाही.

आता खरं लिहिते. कधीपासून टाळतेय.

६ मार्चला मी थर्मामीटर पाहिला होता. सव्वीस होतं. स्पष्ट आठवतंय, पारा आणि त्याच्या शेजारची रेघ. कुदळे सर दारात उभे होते, "झालं का? टेम्पो थांबलाय," विचारत. कूलर नाही हे सगळ्यांना माहीत होतं. बर्फ आणायला सांगितलं तर दीड तास जाणार होता. मी सव्वीस पाहिलं आणि वीस लिहिलं. हात थबकलासुद्धा नाही. वहीतल्या छापील नमुन्यात वीस लिहायची जागा असते, तिथं वीसच लिहायचं असतं. अकरा वर्षं तिथं वीसच लिहितेय.

१२ ला पुन्हा तेच केलं. तेव्हा तर पाहिलंही नाही, कारण माहीतच होतं.

लिहून झालं. हलकं वगैरे काही वाटत नाही.

१९ एप्रिल, शनिवार

आप्पा पडले.

सकाळी मी निघायच्या तयारीत, महेश पाणी भरत होता. शेजारच्या काकू ओरडत आल्या. आप्पा शेळ्या सोडायला ओढ्याकडं गेले होते, बांधावरून खाली गेले. पुरुषभर उंच बांध. उजवं मनगट वाकडं झालेलं, कपाळ फुटलेलं. टेम्पोत घालून नसरापूरला नेलं. मनगट मोडलंय. डोक्याचा फोटो काढला, आत काही नाही. प्लास्टर घालून दुपारी सोडलं. येताना टेम्पोत आप्पा एकच बोलले, "शेरडं कुनी बांदली?"

घरी येऊन त्यांची बंडी धुवायला घेतली. खिशात बाटली. कंपनीची. पहिली बॅच.

२० एप्रिल, रविवार

सकाळी विचारलं. "आप्पा, ही कुठून आणली?"

"माज्या पेटीत व्हती एक. तू आनलेली न्हवं का मागं, दोन." लहान पोरासारखे खाली बघत होते. "तुजं नवं औषध टिकत न्हाई गं. सकाळच्याला म्या ह्येच घालतो, माजं मीच. तुला वाईट वाटंल म्हनून बोल्लो न्हाई."

"काल घातलं होतं?"

"व्हय. घातलं आन् गेलो."

"मग नीट दिसत होतं का?"

आप्पांनी विचार केला. "पयलं जरा सारवल्यागत दिसतंय. ते रोजचंच हाय. बांदावरचा दगुड निसाटला. कदी ना कदी निसाटनारच हुता."

दगड खरंच निसटलाय. महेश बघून आला. आप्पा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. कुणीही पडू शकतं. ह्यातलं काय खरं मानायचं? डॉक्टरला विचारलं असतं तरी त्यानं काय सांगितलं असतं?

बाटली बदलली तेव्हा का बदलली ते सांगितलं असतं तर. एवढंच.

महेश दुपारी बांधावर जाऊन दोन तास दगड बसवत होता.

मी मार्चमध्ये गावातल्यांसाठी आणखी चार बाटल्या आणल्या होत्या. सगळ्यांना सांगितलं होतं, आमच्याच कंपनीचं आहे, चांगलं आहे. संध्याकाळी गावात फिरून तीन परत घेतल्या. काय सांगितलं? तारीख संपलीय म्हणून. एकीनं बाटली डोळ्याजवळ नेऊन तारीख वाचायचा प्रयत्न केला. तिला वाचता येत नाही हे बरं झालं, असं मनात आलं. आलं खरं.

चौथी वर धनगरवस्तीवर, बायडाआजींकडं. निरोप पाठवला. आजी शेळ्या घेऊन रानात.

२२ एप्रिल, मंगळवार

शीतलला म्हटलं, मी थांबू शकत नाही.

ती हात धूत होती. नळ बंद केला नाही. "आठ दिवस ताई. आठच दिवस राहिलेत."

आप्पांचं सांगितलं. ती वळून म्हणाली, "ते थेंबानंच पडले कशावरून?"

"कशावरूनच नाही."

"मग?"

"दुसरी बॅच शुक्रवारी गाडीत चढतेय."

तिनं नळ बंद केला. मग तिनं विचारलं, "माझं नाव घेणार?"

"वहीत आहेच की."

"तसं नाही. मी आले नव्हते, हे सांगणार?"

मी म्हटलं, मी माझ्यापुरतं लिहीन. तुझं तू लिही. ती रडली नाही. रडली असती तर सोपं गेलं असतं. नॅपकिनला हात पुसले, एकेक बोट वेगळं, आणि मशीनवर जाऊन बसली.

२४ एप्रिल, गुरुवार

पत्र लिहून काल कुदळे सरांना दाखवलं होतं. मराठीत, सरळ. आज सकाळी त्यांनी परत दिलं. एका ठिकाणी पेन्सिलीनं खूण.

मी लिहिलं होतं, "थर्मामीटरवर सव्वीस अंश दिसत असताना मी वीस अशी नोंद केली."

त्यांनी वर लिहिलं होतं, "नजरचुकीने वीस अशी नोंद झाली."

"एवढंच बदल," म्हणाले. "बाकी पत्र तसंच दे, मी पुढं पाठवतो. बॅच मी आज थांबवतो, शब्द. नजरचूक माणसाची होते. त्याला ताकीद आहे, ट्रेनिंग आहे. तू लिहिलंयस त्याला फक्त घरी जाणं आहे. आणि मग तुझ्या अकरा वर्षांच्या सगळ्या वह्या उघडतील. प्रत्येक वीस खोटा ठरेल."

चिडून नाही बोलले. खरंच माझ्यासाठी बोलत होते. निदान अर्धं तरी माझ्यासाठी.

बॅच त्यांनी खरंच थांबवली. पाटी लावलेली पाहून आले.

घरी येताना रस्ता कसा संपला कळलं नाही. नजरचुकीने. चांगला शब्द आहे. कुणाला लागत नाही. शीतलही त्यात बसते, सरही बसतात. महेशला दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. म्हटलं, कुठलं ठेवू?

महेश आप्पांच्या बंडीची बाही प्लास्टरवरून जावी म्हणून उसवून तिला बटण लावत होता. "मला काय इचारतीस. तुला पगार न्हाई मिळाला तर मी दोन कामं जास्त घेईन. पर मागनं म्हणू नको की महेशनं सांगितलं म्हणून केलं." थोड्या वेळानं, "कुठलंबी ठेव. पण उद्याच दे. घरात तू एका जागी बसंनाशी झालीयस."

२५ एप्रिल, शुक्रवार

दिलं. पेन्सिल खोडून, माझंच वाक्य ठेवून. आवक-जावकला शिक्का मारून घेतला, एक प्रत पर्समध्ये. दहा तारखेच्या कंट्रोल सॅम्पलचे आकडे, लक्षात होते ते, पण जोडले. परवानगीशिवाय तपासल्याचंही लिहिलं.

सरांनी वाचलं. पेन उघडून बंद केलं. "बरं," म्हणाले.

शीतल आज आली नाही.

२८ एप्रिल, सोमवार

पुण्याहून मालक आणि क्वालिटीच्या मॅडम आल्या. अकरा वाजता मला आत बोलावलं. एसी जोरात, तरी पाठ ओली.

मॅडम शांत बाई. पत्र समोर. म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तापमान सव्वीस होतं. तपासणीसाच्या जबाबात वीस आहे."

मला कळेना. त्यांनी कागद फिरवला. शीतलचं अक्षर. शनिवारी येऊन दिलेला जबाब. "कूलर नसल्यामुळे टाकीत बर्फ टाकला होता. सही करण्यापूर्वी मी स्वतः थर्मामीटर पाहिला. वीस अंश होते."

बर्फ. कुठून आणला बर्फ?

मालक पहिल्यांदा बोलले. "म्हणजे एक म्हणतंय वीस, एक म्हणतंय सव्वीस. दोघींनी पाहिलंय. आम्ही कुणाचं धरायचं?"

म्हटलं, लॉट आहे ना, परत मोजा. तुमच्यासमोर मोजते. वीस अंशाला.

"ते बघू," मॅडम म्हणाल्या. "आज मोजलं तर आजचं कळेल. साठवणीत बदल झाला असंही होऊ शकतं."

मालक म्हणाले, "घरची अडचण आहे असं ऐकलं. सासरे पडलेत. अशा वेळी माणूस स्वतःला नको ते लावून घेतो." वाईट नव्हते बोलत. पाणी पुढं केलं.

दुसरी बॅच थांबलेली राहील. पहिलीबद्दल "विचार चालू आहे." मला सुट्टी, सक्तीची म्हणाले नाहीत, पण ओळखपत्र गेटवर ठेवून घेतलं. ५ तारखेला परत यायचं. तोपर्यंत पत्रावर "पुन्हा विचार करायचा असेल तर करा."

पार्किंगमध्ये शीतल भेटली. मी विचारलं, बर्फ कुठून आणला गं? तिनं गॉगल काढला नाही. म्हणाली, "तुम्ही तुमचं लिहिलंत ताई. मी माझं लिहिलं." आणि मग स्कूटीला किक मारता मारता, "आप्पा कसे आहेत?"

बरे आहेत म्हटलं.

३० एप्रिल, बुधवार

घरी. अक्षय्य तृतीया. पुरणाचा घाट मीच घातला, आप्पांना डाव्या हातानं जेवता येईना, भरवलं. लाजले.

शीतल आज सुटली असणार. फोन करायला घेतला, ठेवला. दोनदा.

पत्र मागं घेतलं तर काय काय होईल याचा विचार करत बसले. सोमवारी ओळखपत्र परत मिळेल. दुसरी बॅच बहुतेक गुपचूप नष्ट करतील. पहिली तोवर वापरून संपेल. कुणाला काही कळणार नाही. हे सगळं खरंच होऊ शकतं, इतकं सोपं आहे ते.

आप्पांना अजून सांगितलेलं नाही. बाटली हरवली म्हणून सांगितलंय.

२ मे, शुक्रवार

सकाळी लवकर निघाले, चालत. धनगरवस्तीला वर जायला पाऊण तास. मेडिकलमधली नवी बाटली सोबत. करवंदं लागलीत, पण चढताना तोडायला थांबले नाही.

बायडाआजी शेळ्या सोडायच्या तयारीत. मला बघून घोंगडं अंथरलं. "बैस. कशी वाट चुकलीस?" आजी एकट्याच असतात. धुरानं डोळे लाल, कोरडे. पापण्या उघडमीट करतात ती खसखस ऐकू येते. बाटली लुगड्याच्या केळात, कमरेशी, बांधलेली. काढून दाखवली. निम्मी आहे अजून. "जपून घालते म्या. लई गुनाचं हाय."

म्हटलं, आजी, ती द्या, ही नवी घ्या.

"का म्हून? ही हाय की आजून."

तारीख संपलीय, हे ओठावर आलं होतं. तिन्ही घरी चाललं होतं ते. इथंही चाललं असतं. चढून आल्यानं दम लागला होता, त्याचं निमित्त करून पाणी मागून प्यायले.

मग म्हटलं, "त्या औषधात चूक झालीय आजी. जास्त घट्ट झालंय."

"कुनाकडनं?"

"माझ्याकडनं. ते बरोबर आहे का बघायचं काम माझं होतं. बरोबर नाही हे दिसत होतं, तरी बरोबर आहे असं लिहिलं."

आजींनी बाटली उजेडाकडं धरून पाहिली. आत काय दिसणार? पाण्यासारखंच दिसतं. "मंग काय हुतंय ह्येनं? डोळं जात्यात?"

"नाही. घातल्यावर थोडा वेळ धुरकट दिसतं. तेव्हा उठायचं नाही, चालायचं नाही. माणूस पडू शकतं. आमचे आप्पा..." पुढचंही सांगितलं. आप्पा पडले, त्यांनी हेच घातलं होतं, त्यानंच पडले की नाही ते मला माहीत नाही. एवढं सगळं सलग पहिल्यांदाच बोलले कुणापाशी.

खाली दरीत कुणाचा तरी टेम्पो चढत होता, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"म्या रोज घालते आन् शेरडामागं कड्यानं जाते," आजी म्हणाल्या. "हितनं. रोज." हातानं वाट दाखवली. मी बघितली. एका माणसाच्या पावलाएवढी वाट, एका बाजूला काही नाही.

"ह्ये आदी का न्हाई सांगितलं मला?"

रागानं नाही विचारलं. पाहुण्याला गाव विचारावं तसं विचारलं, उत्तराची वाट बघत.

मी हात पुढं केला.

आजींनी जुनी बाटली माझ्या हातावर ठेवली, नवी घेतली, टोपण उघडायचा प्रयत्न केला. बोटं जाड, जमेना. मी उघडून दिलं. मान मागं टाकली त्यांनी. एकेका डोळ्यात एकेक थेंब घातला. पटकन गालावर उतरला. आजींनी बोटानं पुसून बघितला. "पानीच हाय ह्ये."

"असंच असतं आजी. दिवसातनं चारदा घालावं लागेल."

"चारदा? कोन घालनार? माजा हात न्हाई पोचत नीट."

म्हटलं, मी येईन सकाळी.

"आन् तुजी कंपनी?"

"सोमवारी बोलावलंय. लिहिलंय ते तसंच ठेवणार. काय होतं माहीत नाही."

आजी उठल्या, काठी घेतली, शेळ्यांना हाक घातली. वाटेला लागायच्या आधी थांबून डोळे दोनदा उघडून मिटून पाहिले, समोर हात धरून बोटं मोजली. मग गेल्या.

मी तिथंच बसून राहिले, त्या वळणाआड दिसेनाशा होईपर्यंत.